पुठ्ठ्याची होडी



मराठींत एखाद्या वस्तूस 'कागदी' म्हटलें कीं तिची किंमत तेथेंच संपते. कागदी घोडे पळत नाहींत, कागदी फुलांस वास नसतो, आणि कागदी नाव म्हणजे तर श्रावणांतल्या ओहोळावर घटकाभर डुलून बुडण्यासाठींच जन्मास आलेली वस्तु. असें असतां कागदाच्या नावेंत बसून मोठ्या माणसांनीं शेंकडों मैल प्रवास केला, आणि एका काळीं अशा नावा बांधणें हा कारखानदारीचा धंदा होता, असें मीं सांगितलें तर तें सहसा कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु तें खरें आहे. आणि आज त्या नावांची हकीकत व त्यांच्यामागचें शास्त्र आपल्यापुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

विषय खेळकर वाटला तरी त्याची एक बाजू गंभीर आहे. होडीचें लांकूड गरिबाच्या आवांक्याबाहेर गेलें आहे. उलट प्रत्येक बाजारपेठेंत दुकानांच्या मागें पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग पडलेला असतो. एखादा कल्पक मुलगा तीं खोकीं चिकटवून होडी करतो आणि ती घेऊन तळ्याकडे निघतो. त्याला 'नको' म्हणणें सोपें आहे. पण नको कां, आणि किती पाण्यापर्यंत हरकत नाहीं, हें सांगतां आलें पाहिजे. सारा जन्म शिक्षकाच्या धंद्यांत गेल्यामुळें नुसत्या 'नको'वर माझा फारसा विश्वास उरलेला नाहीं.

या प्रकाराचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांतलें आहे. लंडनच्या थेम्स नदीवर जॉन टेलर नांवाचा एक नावाडी होता. तो पद्यें रचीत असल्यामुळें लोक त्याला 'पाण्यावरचा कवि' म्हणत. १६१९ सालीं त्यानें एका मद्यविक्रेत्या सोबत्यास बरोबर घेऊन तपकिरी कागदाच्या नावेंतून केंट परगण्यांतील क्वीनबरो गांवीं जाण्याचें साहस केलें. लहर अशी कीं वल्हींदेखील धड नव्हतीं. काठ्यांच्या टोकांस सुकविलेले मासे बांधून तीं केलेलीं होतीं. नाव निघाल्यावर थोड्याच वेळांत तळाचा कागद भिजून फाटूं लागला. परंतु नावेच्या दोहों अंगांस हवेनें फुगविलेल्या जनावरांच्या पिशव्या बांधलेल्या होत्या, त्यांच्या आधारानें दोघे अर्धे पाण्यांत व अर्धे बाहेर असे कसेबसे मुक्कामास लागले. म्हणजे त्यांना कागदानें पोहोंचविलें नाहीं, हवेनें पोहोंचविलें. ही गोष्ट लक्षांत असूं द्यावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

तरंगणें हा कोणत्याही नावेच्या द्रव्याचा गुण नसतो, तो तिच्या आकाराचा गुण असतो. लोखंडाचा गोळा बुडतो आणि लोखंडाचें जहाज तरतें, हें आपण शाळेंत शिकलेले आहों. नाव आपल्या तळानें जेवढें पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका भार तिला पेलतां येतो. मग नावेच्या द्रव्याचें काम काय? दोन. एक म्हणजे आकार टिकवून धरणें, आणि दुसरें म्हणजे पाण्याला आंत येऊं न देणें. हीं दोन कामें एकाच द्रव्यानें केलीं पाहिजेत असें मात्र मुळींच नाहीं. तुंगभद्रेवरचा हरिगोल ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें तत्काळ पटेल. बांबूच्या कांबट्यांची ती एक मोठी गोल टोपली. टोपलींत पाणी ठरत नाहीं, तसें तें बाहेरही थोपत नाहीं. पण तिला पूर्वीं बाहेरून कातडें मढवीत, आणि अलीकडे प्लास्टिकचें कापड व डांबर लावतात. बांबू आकार धरतो, कातडें पाणी अडवतें. पुठ्ठ्याच्या होडीचें सारें मर्म याच वांटणींत आहे. पुठ्ठा पहिलें काम आश्चर्यकारक रीतीनें करतो. दुसरें त्याच्याकडून कधींही होणार नाहीं.

होणार नाहीं याचें कारण कागदाच्या घडणींत आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंची दाबून केलेली चटई. या तंतूंना शिवलेलें नसतें कीं विणलेलें नसतें. पाणी आटतांना ते एकमेकांस अगदीं भिडतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरील अणूंमधील नाजुक आकर्षणानें जखडले जातात. हेंच आकर्षण पाण्याच्या कणांसही असतें. त्यामुळें पाणी पुन्हा आलें कीं तें दोन तंतूंच्या मध्यें शिरतें आणि जी गांठ त्याच्या जाण्यानें पडली होती ती त्याच्या येण्यानें सुटते. कागद पाण्यांतून जन्मतो आणि पाण्यांत विरतो. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची अडचण तर दुहेरी आहे. त्याचे थर बहुधा पिष्टाच्या खळीनें चिकटविलेले असतात, आणि ती खळही पाण्यानें सुटते.

आतां अमेरिकेकडे वळूं. न्यूयॉर्क संस्थानांत ट्रॉय नांवाचें शहर आहे. तेथें एलायशा वॉटर्स या गृहस्थाचा औषधविक्रेत्यांसाठीं कागदाच्या डब्या करण्याचा कारखाना होता. १८६७ सालीं त्याच्या जॉर्ज नांवाच्या मुलास सोंगांच्या एका मेळाव्यासाठीं मुखवटा हवा होता. विकतचा महाग, म्हणून त्यानें एक मुखवटा उसना आणला आणि त्याच्यावर कागदाचे थर चिकटवून स्वतःच दुसरा तयार केला. या जॉर्जला वल्हविण्याचा नाद होता आणि त्याची लांकडी नाव गळत होती. मुखवट्याची युक्ति त्यानें नावेस लावली. गळणाऱ्या जागांवर कागद व रोगण यांचे थर दिले. नाव गळेनाशी झाली. तेव्हां बापलेकांच्या मनांत आलें कीं, ठिगळ इतकें चांगलें टिकतें तर सगळी नावच ठिगळाची कां करूं नये? १८६८ सालीं त्यांनीं या पद्धतीचें पेटंट घेतलें.

त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. नावेच्या आकाराचा लांकडी साचा करून तो पालथा ठेवीत. त्यावर बळकट मनिला कागदाचे लांबच लांब ताव ओलसर करून सरसानें थरावर थर बसवीत. सगळें कडकडीत वाळलें म्हणजे साच्यावरून तें कवच उतरून घेत, पाण्यास दाद न देणाऱ्या द्रव्यांनीं तें मुरवीत, आंतून लांकडाच्या हलक्या फांसळ्या व कांठाच्या पट्ट्या देऊन त्यास ताठपणा आणीत, आणि शेवटीं रोगणाचे हात देत. या नावेस कोठेंही सांधा नसे. लांकडी नावेच्या फळ्या उन्हांत आक्रसतात, पाण्यांत फुगतात, आणि त्यांच्या फटींतून पाणी येतें. येथें फळीच नाहीं तर फट कोठून येणार? अंग गुळगुळीत आणि वजन कमी, म्हणून वल्हविण्याच्या शर्यतींत १८७० नंतरच्या दशकांत या नावांना मोठी मागणी आली.

पण शर्यतीची नाव फुलासारखी जपली जाते. खरी कसोटी नॅथॅनिएल बिशप या प्रवाशानें घेतली. तो १८७४ सालीं कॅनडांतील क्वेबेकहून लांकडी नावेंत बसून दक्षिणेकडे निघाला होता. नाव जड, आणि ती चालविण्यास सोबत माणूस घ्यावा लागला होता. ट्रॉय येथें त्यानें कागदाची नाव घेतली, सोबत्यास निरोप दिला, आणि पुढचा प्रवास एकट्यानें केला. ही नाव १४ फूट लांब, २८ इंच रुंद, आणि वजनानें अवघी ५८ पौंड, म्हणजे सुमारें २६ किलो होती. तिच्या कवचाची जाडी एक अष्टमांश इंच. एवढ्या कवचाच्या भरंवशावर नद्या, कालवे, खाड्या व समुद्रकांठचीं उथळ पाणीं ओलांडीत बिशप १८७५ सालीं फ्लॉरिडांत मेक्सिकोच्या आखातास जाऊन मिळाला. क्वेबेकपासून मोजल्यास सारा प्रवास सुमारें २५०० मैलांचा होतो. त्यानें त्याचें वर्णन लिहिलेलें पुस्तक १८७८ सालीं प्रसिद्ध झालें.

ही हकीकत सांगून अनेकजण येथेंच थांबतात, आणि ऐकणाराची अशी समजूत होते कीं कागद स्वस्त, म्हणून कागदाची नाव स्वस्त. मला हें मान्य नाहीं. वॉटर्सच्या नावेंत सर्वांत स्वस्त जिन्नस कागद होता हें खरें. पण प्रत्येक आकारास वेगळा साचा, वाळविण्यासाठीं ऊबदार जागा, सरस, रोगण, आणि सर्वांत मुख्य म्हणजे निष्णात हात, हें सगळें महागच होतें. त्या नावा हलक्या म्हणून खपल्या, स्वस्त म्हणून नव्हे. खरें पाहतां त्यांस कागदाच्या म्हणण्यापेक्षां कागदाचे तंतु व रोगण मिळून बनलेल्या एका नव्या लांकडाच्या म्हणणें योग्य होईल. आज आपल्या कोंकण किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या फायबरच्या होड्या दिसतात. त्यांतही साचाच असतो, आणि कागदाऐवजीं कांचेचे तंतु व सरसाऐवजीं कृत्रिम राळ थरावर थर बसविलेली असते. कागदी नावेची ही पणती म्हणावयास हरकत नाहीं.

याच ट्रॉयच्या कारखान्यानें पुढें वेधशाळांसाठीं कागदाचे घुमटही केले. ट्रॉय येथील रेन्सेलर विद्यालयाच्या वेधशाळेवर असा घुमट १८७८ सालीं चढविण्यांत आला. घुमट फिरता असावा लागतो, आणि फिरवावयाचें म्हणजे जितकें हलकें तितकें बरें. कारखान्याचा शेवट मात्र आगीनें झाला. १९०१ सालीं एका नावेचें शेवटचें काम चाललें असतां ज्वालेच्या हत्यारानें पेट घेतला. पाण्यासाठीं जन्म काढलेल्या नावा अग्नीनें नेल्या.

दुसऱ्या महायुद्धांत कागदाची पुन्हा आठवण झाली. लांब पल्ल्यावर जाणाऱ्या लढाऊ विमानांस जादा पेट्रोलच्या टांक्या लावीत व पेट्रोल संपतांच त्या खालीं टाकून देत. दर फेरीस धातु फेंकून देणें परवडेना, म्हणून इंग्लंडांत थरांच्या कागदाच्या, १०८ गॅलन मावतील अशा टांक्या करण्यांत आल्या. पेट्रोल कांहीं तासांत त्यांच्या थरांस मऊ करी, म्हणून उड्डाणापूर्वीं अगदीं थोडा वेळ त्या भरीत. एका फेरीपुरतें त्यांचें आयुष्य होतें, आणि तेवढेंच हवें होतें. स्वस्त द्रव्य वापरण्याची ही मला सर्वांत शहाणी तऱ्हा वाटते: द्रव्य किती वेळ टिकेल हें आधीं मोजावें, आणि त्याच्या आंतच काम उरकावें.

आतां आपल्या खोक्याच्या पुठ्ठ्याकडे येऊं. हा वॉटर्सच्या कागदाहून वेगळा. दोन सपाट कागदांच्या मध्यें एक पन्हळी कागद असतो. पन्हळी कागदाचें पहिलें पेटंट इंग्लंडांत १८५६ सालीं निघालें तें उंच टोप्यांच्या आंत अस्तर म्हणून. खोक्यांचा त्याच्याशीं तेव्हां कांहींएक संबंध नव्हता. १८७१ सालीं अमेरिकेंत आल्बर्ट जोन्स यानें बाटल्या व कांचसामान गुंडाळण्यासाठीं त्याचा उपयोग सुरू केला, आणि १८७४ सालीं ऑलिव्हर लाँग यानें त्यास सपाट कागदाचें अस्तर दिलें. छपराच्या पन्हळी पत्र्यास जी ताकद असते तीच येथें कागदास येते. पन्हळीच्या दिशेनें वांकवूं गेलात तर तो ताठ राहतो. आडव्या दिशेनें मात्र सहज दुमडतो. म्हणून दोन थर चिकटवितांना एकाच्या पन्हळी उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या ठेवाव्या.

अशा पुठ्ठ्याच्या होड्या बांधून त्यांत बसण्याचा उपक्रम अमेरिकेंतील कार्बनडेल येथील विद्यापीठांत १९७४ सालीं रिचर्ड आर्चर या अध्यापकानें सुरू केला. त्याच्या रचनाशास्त्राच्या वर्गाची ती शेवटची परीक्षा होती: पुठ्ठ्याची होडी करा, आणि ती वल्हवून दाखवा. पुढें त्या परीक्षेची सार्वजनिक जत्रा झाली, आणि सर्वांत थाटांत बुडणाऱ्या होडीस 'टायटॅनिक'च्या नांवानें बक्षीस ठेवण्यांत आलें. परीक्षेंत नापास झालेल्यासही बक्षीस देणाऱ्या या अध्यापकाबद्दल मला आदर वाटतो. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, या होड्यांस कांहीं मिनिटेंच तरावयाचें असतें.

एखाद्या शिक्षकास असा उपक्रम करावयाचा असेल तर आधीं पाटीवर हिशेब करावा. होडीचा तळ २ मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद धरा. बसणारा ७० किलोचा आणि रंगासह होडी २० किलोची, मिळून ९० किलो. ९० किलो पाणी म्हणजे ९० लिटर. तळाचें क्षेत्रफळ १·२ चौरस मीटर. तेव्हां होडी पाण्यांत साडेसात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटें बुडेल. मुलांस हें उत्तर नेहमीं खोटें वाटतें. इतक्या थोड्या बुडण्यावर माणूस कसा तरतो, असें तीं विचारतात. पण बाजू ३० सेंटिमीटर उंच केल्या तर पुष्कळ ऐवज हातीं शिल्लक राहतो. भार पेलण्याची अडचण मुळींच नाहीं. अडचण अशी कीं पाणी तळास सगळीकडून सारखें वर लोटतें, आणि माणूस एकाच जागीं बसतो. तळ त्याच्याभोंवतीं वर वांकतो व त्याच्या खालीं खचतो. म्हणून बैठकीखालीं रुंद फळी किंवा पुठ्ठ्याच्या चार-पांच थरांची पाटी पसरावी, आणि आडव्या फांसळ्या द्याव्या.

तळ व बाजू शक्य तों एकाच तक्त्यांतून दुमडून घ्याव्या. पुठ्ठा जेथें कापाल तेथें पन्हळींचीं तोंडें उघडीं पडतात, आणि तीं तोंडें म्हणजे पाण्याचे पाट होत. मीं वर्गांत एक प्रयोग अनेक वेळां करून दाखविला आहे. पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे घेऊन दोहोंच्या सपाट बाजूंस रंग द्यावा. एकाच्या कांठांस वितळलेलें मेण लावावें, दुसऱ्याचे तसेच ठेवावे. दोन्ही पाण्यांत घालून कांहीं वेळानें काढावे. वरून दोन्ही सारखेच दिसतात. बोटानें दाबलें म्हणजे एक लांकडासारखा लागतो आणि दुसरा भिजल्या भाकरीसारखा. बुडणाऱ्या पुठ्ठ्याच्या होडीचें दुखणें बहुधा या कांठांतच असतें. तेव्हां प्रत्येक कांठावर कापडाची पट्टी न विरघळणाऱ्या गोंदानें बसवावी. कणकेची खळ येथें कामाची नाहीं. मग आंतबाहेर तेलाच्या रंगाचे तीन-चार हात द्यावे, प्रत्येक हात पुरा वाळूं द्यावा. आंतूनही द्यावयाचा, कारण वल्ह्यावरून ओघळणारें पाणी आंतच पडतें. रंगाचा व पट्टीचा खर्च पुठ्ठ्याच्या कित्येक पट होईल. तेथें काटकसर करणाऱ्यानें होडी करूंच नये.

बसावयाचें तें तळाशीं, पाय पसरून. उंच पेटीवर बसल्यास होडी भिजण्याची वाटही न पाहतां उलटते. किंबहुना भिजून बुडण्याइतक्याच होड्या उलटूनही बुडतात.

आणि आतां तें 'नको'. लांकडी नाव धोका देण्यापूर्वीं करकरते, झिरपते, सूचना देते. पुठ्ठा तसें करीत नाहीं. तो भार सोसतो, सोसतो, आणि एकदां त्यास घडी पडली कीं त्या रेघेवर त्याची सारी ताकद संपते. केळीच्या खुंटांचा तराफा दगडावर आपटला तरी तरतो, कारण तो अंतर्बाह्य हलका आहे. पुठ्ठ्याची होडी आपल्या पोकळीमुळें तरते. पोकळी मोडली कीं तिचें कांहींच उरत नाहीं. वाहत्या नदींत, विहिरींत, धरणाच्या पाण्यांत ती नेऊं नये. पुरांत तर नेऊंच नये; पुराच्या पाण्यांत कुंपणाच्या तारा, फांद्या, पत्रे असतात, आणि त्यांपैकीं कोणतीही एक वस्तु रंगाच्या कातड्यास पुरे आहे. पूर आल्यावर घरांतल्या खोक्यांकडे पाहण्यापेक्षां झांकण घट्ट बसणाऱ्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनांकडे पाहावें. टेलरच्या पिशव्या त्या ह्याच. कंबरेइतकें संथ पाणी, अंगांत तरंगतें जाकीट, होडीच्या दोहों अंगांस असे दोन बंद कॅन, आणि शेजारीं पाण्यांत उभा असलेला पोहणारा मोठा माणूस, एवढें जमत असेल तेव्हांच मुलास तींत बसूं द्यावें.

खेळ संपल्यावर ती होडी पुन्हा वापरण्याचा मोह धरूं नये. रंग लागलेला पुठ्ठा रद्दीवालाही घेत नाहीं, तेव्हां ती मुलांच्याच हातीं द्यावी, आणि मोठ्या माणसानें ती सुरीनें उभी कापावी. पाणी कोठून शिरलें व कोठपर्यंत गेलें, याचा काळसर माग पन्हळींमधून स्पष्ट दिसतो. बहुधा तो पट्टी नीट न बसलेल्या एखाद्या कांठापासून निघालेला असतो, किंवा बसणाऱ्याच्या टांचेनें जेथें रंग खरवडला गेला त्या जागेपासून.